कचरा आला होता

आमच्या धंद्यात एक वाक्य असतं, "कचरा आला होता." गाडी बंद पडते, मिस्त्री उघडतो, इकडे फुंकतो, तिकडे पुसतो, गाडी चालू होते. गिऱ्हाईक विचारतं, काय झालं होतं? "कचरा आला होता." कुठून आला, कुणी आणला, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि मिस्त्री सांगत नाही. डॉक्टर लोक 'व्हायरल आहे' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. भाईंदर पश्चिमेला मी एकतीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त केल्या. हे वाक्य किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. बहुतेक वेळा ते खरंही होतं. एकदा मात्र कचरा माझा होता, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला मी अकरा वर्षं सांगितलं नाही.

आमच्या सोसायटीतल्या एक बाई तुम्ही हे वाचताय त्या अंकाचं काम बघतात. जिन्यात भेटल्या की, "काका, गॅरेजच्या गमतीजमती लिहा ना, लोकांना आवडतं." म्हटलं, लिहितो. रिटायर झालेल्या माणसाला कुणी काही कर म्हटलं की बरंच वाटतं. बसलो लिहायला. गमती आल्या, पण प्रत्येक गमतीच्या मागे जवळच्या राई गावचे भोईरकाका येऊन उभे राहायला लागले. शेवटी वही मिटली आणि आधी राईला जाऊन आलो. तिथं काय झालं ते सांगणारच आहे. पण त्याआधी माझं गॅरेज बघून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गॅरेज म्हणजे एक गाळा. आत एक गाडी मावायची, बाकी सगळा कारभार बाहेर फरशीवर. आज तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. मी मूळचा लांज्याकडचा, आईवडील कामाला इकडे आले म्हणून मी इकडचा. माझ्या गॅरेजची एक खोड होती, ती आसपासच्या कुठल्याच मिस्त्रीला नव्हती. रविवारी सकाळी ज्याला आपल्या गाडीचं ऑइल आपल्या हातानं बदलायचंय, त्यानं यावं. पाने माझे, ट्रे माझा, बसायला पाट माझा. मी बाजूला बसून सांगणार, हात लावणार नाही. शेजारचा टायरवाला म्हणायचा, "मिस्त्री, अपने पेट पे लात मार रहे हो." पण मला ते आवडायचं, त्याला काय करणार! माणूस पहिल्यांदा आपल्या गाडीखाली वाकून बघतो, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. तीन-तीन वर्षं गाडीवर बसलेली माणसं, पण खाली काय आहे ते कधी बघितलेलंच नसतं.

काम अवघड नाही. आधी गाडी दोन-चार किलोमीटर फिरवून आणायची. ऑइल गरम झालं की पातळ होतं आणि तळातली घाण घेऊन बाहेर येतं. मग इंजिनच्या पोटाखालचं मोठं बूच सोडायचं. त्याच्या मागे एक स्प्रिंग आणि एक बारीक जाळी असते, ती ऑइलबरोबर ट्रेमध्ये पडते. इथं नवखा माणूस हमखास ओरडतो, "काहीतरी तुटलं!" काही तुटलेलं नसतं. जाळी पेट्रोलमध्ये जुन्या टूथब्रशनं धुवायची आणि उजेडात धरून बघायची. इंजिनातलं ऑइल याच जाळीतून गाळून वर चढतं, म्हणजे ही तुंबली तर वर सगळं कोरडं. धुऊन झाली की जाळी आत, स्प्रिंग आत, नवा वायसर, म्हणजे वॉशर, बूच बंद. वरून नवं ऑइल. ऑइल किती आहे ते दाखवणारी काडी पुसून नुसती टेकवून बघायची, तिचे आटे फिरवायचे नाहीत. संपलं! यात चुकण्यासारखं काही नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. आणि लोक चुकायचे.

स्टेशनजवळच्या टॉवरमधला एक इंजिनीअर पोरगा होता. हातमोजे घालून आला, मोबाइल विटेला टेकवून त्यावर व्हिडिओ लावला. मी म्हटलं, मी आहे ना इथं. म्हणाला, "नाही अंकल, मला प्रॉपर करायचंय." करा बाबा प्रॉपर. मी चहा सांगायला गेलो. परत येतो तर हे महाराज वरून नवं ऑइल ओततायत आणि खालून तेच ट्रेमध्ये पडतंय. बूच ह्याच्या हातमोज्यात! माझ्याकडे बघून काय खूश होऊन सांगतो, "अंकल, आता एकदम क्लीन निघतंय बघा." मी काय बोलणार? म्हटलं, "हो, इंजिनाची अंघोळ झाली, आता दार लावा." तो पोरगा पुढे इतका तयार झाला की त्याच्या पार्किंगमध्ये तो दुसऱ्यांना शिकवायला लागला.

एअर फिल्टरचीही मजा असायची. फिल्टर म्हणजे स्पंजच. धुवायचा आणि दोन तळव्यांत दाबायचा, पिळायचा नाही. आमच्या बायकांनी जन्मभर कपडे पिळलेले आणि पुरुषांनी ते बघितलेले, त्यामुळे दर रविवारी एक तरी फिल्टर पिळून फाटायचाच. पण त्या फिल्टरवरून मला गाडी कुठली ते कळायचं. उत्तन-तारोडीकडच्या गाड्यांच्या फिल्टरला मासळीचा वास असायचा, खोटं नाही सांगत. राई-मोर्व्याकडच्या गाड्यांवर पूर्वी मिठागरांची पांढरी पुटं असायची. मग हळूहळू सगळ्यांचेच फिल्टर सिमेंटच्या रंगाचे व्हायला लागले. मिठागरं गेली, इमारती आल्या, हे लोकांनी पेपरात वाचलं असेल. मी ते बादलीतल्या पाण्यात बघितलं.

तर भोईरकाका. गजानन भोईर, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. बापजाद्यांची भातशेती आणि मिठागरावरचं काम, काका स्वतः नंतर भाजीचा धंदा करायचे. राईहून पहाटे भाजीच्या जुड्या गाडीला बांधून बाजारात यायचे. माझ्या रविवारच्या वर्गातला पहिले विद्यार्थी तेच. शाळा चौथीपर्यंत, पण हात असे की मला लाज वाटावी. बूच किती आवळायचं ते त्यांना कधी सांगावं लागलं नाही. ऑइल बदलताना बनियन काढून ठेवायचे आणि जुनं ऑइल अंगठा नि बोटाच्या चिमटीत चोळून मला सांगायचे, "मिस्त्री, अजून चारशे किलोमीटर चालला असता रं." त्यांच्या मुलाला हा सगळा प्रकार आवडायचा नाही. तो म्हणायचा, बाबा, शोरूमला टाका ना गाडी, ओळखीचे लोक बघतात. काका म्हणायचे, "बगू दे की. माजी गाडी, माजा हात."

त्यांच्या गाडीच्या क्लचप्लेटा गेल्या. ते काम माझं, कारण इंजिनची उजवी बाजू उघडावी लागते. काका म्हणाले, "बाजू तू खोल, तेल नि जाली माजी." म्हटलं चालेल. मी बाजू उघडली. कव्हरखालचं जुनं पॅकिंग खरवडताना त्याचे कपटे इंजिनात पडू नयेत म्हणून आतल्या भोकात फडकं कोंबतात. त्याचा एक नियम आहे, आणि तो मीच सगळ्यांना शिकवायचो, की फडक्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवायचं. टोक दिसलं की काढायची आठवण राहते. त्या दिवशी मोठं फडकं सापडेना, म्हणून माझ्या जुन्या लुंगीचा वीतभर तुकडा फाडला आणि कोंबला. निळी चौकट होती. टोक आत गेलं. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला, गाडी कधी देताय म्हणून. मी बोलत बोलत पॅकिंग बसवलं आणि कव्हर बंद केलं.

मग काका पाटावर बसले. जाळी धुतली, उजेडात धरून मला दाखवली, बसवली. स्प्रिंग, नवा वायसर, बूच. ऑइल ओतलं, काडी बघितली. गाडी चालू करून कान लावून ऐकली आणि म्हणाले, "गुलाम झाली!" म्हणजे एकदम झकास. गेले खुशीत.

तीन आठवड्यांनी राईच्या रस्त्यावर गाडीचं इंजिन जाम झालं. चालत्या गाडीचं इंजिन जाम होतं तेव्हा मागचं चाक जागच्या जागी थांबतं. काका भाजी विकून घरी चालले होते, मागे काकी बसल्या होत्या. दोघं रस्त्यावर पडले. काकांना खरचटलं, काकींचं डावं मनगट मोडलं. त्यात देवाची कृपा एवढीच, की मागून काही येत नव्हतं.

गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आली. काका बाहेर पाटावर बसले, कपाळाला पट्टी. मी आत खालचं बूच सोडलं. जाळी उजेडात धरली. जाळीला आतून माझ्या लुंगीचा तुकडा चिकटून बसला होता, काळा झालेला, पण एका कोपऱ्यात निळी चौकट दिसत होती. तीन आठवडे तो ऑइलात फिरत फिरत आला आणि जाळीचं तोंड दाबून बसला. वर ऑइलचा थेंब चढेना. इंजिन कोरडं पडून जळालं.

बाहेरून काकांचा आवाज आला, "मिस्त्री, काय झाला रं?"

त्या क्षणी दोन शब्द बोलायचे होते, काका, माझी चूक. एवढंच! ते नाही आले तोंडात. तोंडात जे रोज असायचं तेच आलं. "कचरा आला होता."

काका आत आले तोवर फडकं माझ्या पँटच्या खिशात गेलं होतं. त्यांनी जाळी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. "मीच उलटी बसवली काय रं? का स्प्रिंग वाकडी बसली? मीच धुतलेली ना त्या दिवशी." मी म्हटलं, "असं होतं कधी कधी." बघा, खोटंसुद्धा धड बोललो नाही. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांनी ते हो असंच धरलं. जाळी ट्रेमध्ये ठेवली आणि हात पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

घरी बायकोनं खिसा बघितला. "हे आणि काय, नवी पँट घाण केलीत!" तिलाही सांगितलं नाही.

इंजिन मी पुन्हा बांधून दिलं, मजुरी घेतली नाही. त्याचा परिणाम असा झाला की काकांनी माझा चांगुलपणा राईभर सांगितला. लोक येऊन मला म्हणायचे, तुम्ही म्हणजे देवमाणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि दुसरा परिणाम असा, की काकांनी त्यानंतर गाडीला पाना लावला नाही. ऑइलची वेळ झाली की यायचे, शर्ट अंगातच, पाटावर न बसता भिंतीला टेकून उभे राहायचे. मी म्हणायचो, "काका, बसा ना, करा." ते म्हणायचे, "नको रं. माज्या हातानं बायकोचा हात मोडला." मुलगा म्हणायला लागला, मी सांगत होतो ना. दोन वर्षांनी गाडी विकली, मग येणंही बंद झालं. मी त्यानंतर फडक्याला सुतळी लावून ती पान्याला बांधायला लागलो. लोक विचारायचे हे काय, मी म्हणायचो सवय आहे.

सांगायचं का नाही? रोज सांगणार होतो. पहिल्या वर्षी भीती वाटायची की नाव जाईल, गॅरेज बसेल. ती भीती खोटी नव्हती, घर त्याच्यावर चालत होतं. नंतर वाटायला लागलं, आता इतक्या उशिरा काय सांगायचं. मग गॅरेज बंद झालं, नाव जाण्याची भीतीही संपली, तरी नाही सांगितलं. तेव्हा कळलं की भीती नावाची नव्हतीच. काकांच्या तोंडाकडे बघायची होती. भित्रा निघालो मी, दुसरा शब्द नाही.

गेल्या महिन्यात रिक्षा करून राईला गेलो. घर तेच आहे, मागे खाडीच्या बाजूला मात्र टॉवरचं काम चाललंय. ओटीवर मुलाची इलेक्ट्रिक स्कूटर वायर लावून उभी होती. तिला ऑइल नाही, जाळी नाही, काही नाही. काकी सुपात जवळा, बारीक सुकी कोळंबी, निवडत होत्या. काका खुर्चीत. पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत, पण मला लांबूनच ओळखलं.

"अरे मिस्त्री! ये ये. हिकडं कुनीकडं आज?"

चहा झाला. गुडघ्यांची चौकशी झाली. माझा चहा कधी संपला मला कळलं नाही. मग म्हटलं, "काका, तुमच्या गाडीचं एक सांगायचं राहिलंय."

"कंची गाडी? ती कवाच विकली."

"तिचंच. ती जाम झाली ना, ते तुमच्यामुळे नाही. क्लचच्या कामाला मी आत फडकं घातलं होतं, ते काढायचं विसरलो. तेच जाळीवर जाऊन बसलं. माझ्या लुंगीचं होतं. मी बघितलं आणि खिशात घातलं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

एका दमात बोललो. काकींचा सुपातला हात थांबला. डावं मनगट अजून जरा वाकडंच आहे, ते मी तेव्हाच बघितलं, जवळून.

आधी काकीच बोलल्या. "अकरा वर्सं मी याला बोलते हाय रं. थंडीत हात दुखला की बोलते. पाव्हनं आलं की त्यांच्या म्होरं बोलते. आनि तू गप?"

"गप होतो, काकी."

"मी बोललेला कोन परत घेनार आता?"

काका उठले, काठी घेतली आणि मागच्या दारानं परसात गेले. मला वाटलं, आता आपण निघावं. उठलो तर काकी म्हणाल्या, "बस. त्यो येल." रागातच म्हणाल्या, पण बस म्हणाल्या. मी बसलो. त्या जवळा निवडत होत्या, निवडलेला परत निवडत होत्या.

काका परत आले तेव्हा डोळे लाल होते. माझ्या समोर येऊन उभे राहिले. मला खरंच वाटलं काठी उचलतात की काय. उचलली असती तरी मी हललो नसतो.

"तवाच सांगला असता तर?" म्हणाले.

"हो काका."

"मी तुला काय खानार व्हतो? शिव्या दिल्या असत्या. दोन दिवस. मग झाला असता." आवाज चढला होता. "मना वाटला, म्हातारा झालो. हात गेला माजा. नंतर घरातला नल गलला तरी मी हात न्हाय लावला रं, पोराला सांगला. कलतंय का तुला?"

कळत होतं. मान खाली घालून म्हटलं, "चुकलो, काका. फार चुकलो."

ते खुर्चीत बसले. बाहेर टॉवरच्या क्रेनचा आवाज चालला होता. मग काका पुढे वाकले आणि एकदम हळू आवाजात, जसं काही कुणी ऐकेल, विचारलं.

"मिस्त्री, मंग जाली... जाली बरोबर बसवलेली मी?"

"बरोबर बसवलेली, काका."

"स्प्रिंग?"

"स्प्रिंग सरळ."

"आनि बूच? वायसर?"

"वायसर नवा, तुम्हीच घातलेला. इंजिन जळालं तरी बुचातून थेंब गळला नव्हता. मी एकतीस वर्षं काम केलं, काका, तसं बूच माझ्या हातानंही नेहमी बसायचं नाही."

काकांनी मान वळवून काकींकडे बघितलं. काकी सुपाकडे बघत होत्या.

"ऐकला का?" काका म्हणाले.

काकी जवळा निवडत राहिल्या.

"तिला हल्ली कमी ऐकू येतं," काका मला म्हणाले. "परत सांग. जरा मोठ्यानं सांग."

मी उभा राहिलो आणि मोठ्यानं परत सांगितलं.